दुसरा पर्याय

“यातलं कुठलं निवडायचं, भाऊजी?”

वहिनीनं माझ्याकडं न बघताच विचारलं. तिची नजर पडद्यावर होती आणि उजवा हात माऊसवर. मी तिच्या खुर्चीमागं उभा होतो. फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे पावणेदोन. पलीकडच्या खोलीत आई जेवून आडवी झाली होती. दादा साखर कारखान्यावर सकाळच्या पाळीला गेला होता, तो चारनंतर येणार होता.

पडद्यावर तीन पर्याय होते, सगळे इंग्रजीत. आहे ती सिस्टीम ठेवून शेजारी नवी बसवा, हा पहिला. पूर्ण डिस्क वापरा, हा दुसरा. तिसरा, स्वतःच्या हातानं डिस्कची वाटणी करा. वहिनीचा बाण पहिल्या पर्यायावर येऊन थांबला होता.

“दुसरा,” मी म्हणालो.

“पण पहिल्यात शेजारी असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याला विंडोज ठेवायचंय ना?”

“पहिल्यात डिस्क सरकवताना मधेच अडकतं. दुसऱ्यात तो स्वतःच विंडोज ओळखतो आणि बाजूला ठेवतो. नाव नुसतं तसं आहे.”

“बरं,” असं म्हणून तिनं दुसरा पर्याय निवडला.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. जयसिंगपुरात सहाव्या गल्लीत आमचं घर होतं. समोरच्या खोलीत खिडकीखाली टेबल आणि टेबलावर तो कॉम्प्युटर. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो माझ्यासाठी घेतला होता. दोन हजार आठ साली मी पास झालो. एका कंपनीचं पत्र हातात होतं. आधी त्यांनी रुजू व्हायची तारीख तीन महिने पुढं ढकलली, मग आणखी तीन महिने, आणि मग दोन ओळींचा मेल आला की मंदीमुळं ही भरती रद्द करण्यात येत आहे. तेव्हापासून मी घरीच होतो.

त्रिशला वहिनी कागवाडजवळच्या एका खेड्यातली. गणित घेऊन बीएस्सी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिनं कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, इथपासून मीच तिला शिकवलं. पहिल्यांदा मला मजा वाटायची. ती वहीत लिहून घ्यायची, “भाऊजी, हे परत एकदा दाखवा” म्हणायची.

मग एक दिवस माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालेना. दोन दिवस मी त्याच्यापुढं बसून होतो. वहिनी गहू निवडत होती. सूप घेऊनच माझ्यामागं येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “इथं एकपासून मोजलंय. शून्यापासून मोजायला नको का?”

“तुम्हाला त्यातलं कळत नाही, वहिनी,” मी म्हणालो.

ती गेल्यावर मी एकाचा शून्य केला. प्रोजेक्ट चालला. मी तिला ते कधी सांगितलं नाही. पण तिला कळलं असणार, कारण त्या संध्याकाळी मी जेवताना बराच बोलत होतो.

त्यानंतर तिनं माझी जुनी पुस्तकं वाचून काढली. आप्पा ज्या शाळेत मुख्याध्यापक होते, तिथं दर जूनला वेळापत्रकावरून शिक्षकांची भांडणं व्हायची. वहिनीनं त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. शिक्षक, वर्ग आणि तास भरले की दहा मिनिटांत वेळापत्रक तयार. एका शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्ग येत नसत. शाळेनं तिला लेटरहेडवर आभाराचं पत्र दिलं. दादा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पत्र दाखवायचा आणि म्हणायचा, “आमच्या घरातली खरी इंजिनिअर ही.” दादाच्या मनात काही नसायचं. मी तिथंच बसलेला असायचो.

जानेवारीत पेपरात जाहिरात आली. आमच्याच गावातल्या मुलींच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये जागा होती. मी अर्ज केला. वहिनीनंही केला. मुलाखतीची दोन्ही पत्रं एकाच दिवशी, एकाच पोस्टमननं आणून दिली. मुलाखत पुढच्या बुधवारी होती. त्या कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स होतं, म्हणून वहिनीला ते घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला बसवायचं होतं. चालू करताना मेनू यावा, हवं ते निवडावं. एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी तिनं कित्येक महिने जपून ठेवली होती. रविवारी भारनियमन नसायचं, म्हणून रविवार ठरला.

त्या डिस्कवर आणखी एक गोष्ट होती.

दोन हजार सात साली आप्पांच्या घशाला कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात दादानं माईक आणला आणि आप्पांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. आप्पा बोलत राहिले. लहानपणीचं गाव, पहिली नोकरी, शिरटी गावातली शेती, पाठ असलेली स्तोत्रं, आम्हा दोघांना चार शब्द. तेवीस रेकॉर्डिंग झाली. ऑपरेशननंतर ते पाटीवर लिहून बोलायचे. वर्षभरानं ते गेले.

ते गेल्यावर आई रोज साडेचारला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत येऊन बसायची आणि म्हणायची, “लाव गं.” वहिनी हातातलं काम टाकून यायची आणि सतरा नंबरचं रेकॉर्डिंग लावायची. आईला तेच लागायचं. त्यात आप्पांनी आईला नावानं हाक मारली होती. “राजमती,” एवढंच म्हणून ते थांबले होते, आणि मग थोड्या वेळानं म्हणाले होते, “पेटीची किल्ली देवळीत आहे.” चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्या काळात आमच्याकडं कुणी मारत नसे. आई ते ऐकायची, पदरानं चष्मा पुसायची आणि आमच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत म्हणून भाजी चिरायला उठायची.

शुक्रवारी वहिनी माझ्याकडं आली होती. आई तिथंच वाती करत बसली होती.

“भाऊजी, कोरी सीडी आहे का? आप्पांचे आवाज एकदा उतरवून ठेवते. माझा प्रोग्रॅमही ठेवते त्यातच.”

“कशाला? विंडोजला हातही लागत नाही.”

“तरी पण.”

“सीडी संपल्यात, वहिनी. आणि खरंच गरज नाही. मी आहे ना.”

“तुम्ही आहात म्हणूनच हिंमत करतेय,” ती हसून म्हणाली होती.

तर रविवारी तिनं दुसरा पर्याय निवडला. पुढचा पडदा आला. तिनं तो सावकाश वाचला. ती इंग्रजी वाचताना ओठ हलवायची. वाचून झाल्यावर तिनं खुर्ची मागं सरकवली आणि पहिल्यांदाच वळून माझ्याकडं बघितलं.

“या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल असं लिहिलंय, भाऊजी.”

“ते तसं लिहायलाच लागतं त्यांना. सिगारेटच्या पाकिटावर लिहितात तसं.”

“आप्पांचे आवाज आहेत.”

“माहीत आहे मला. माझेही वडील होते ते.”

हे वाक्य मी जरा जोरातच बोललो होतो.

“तुम्ही हे कॉलेजात केलंय ना?”

“दहा वेळा. तुम्हाला माझ्यावर विश्वास नसेल तर बंद करा. बुधवारी तसंच जा.”

“तसं नाही हो.” ती परत पडद्याकडं वळली. “करते मी.”

“मी दूध घेऊन येतो,” मी म्हणालो. “एंटर मारा आणि संपेपर्यंत हात लावू नका.”

खरं तर दूध घरात होतं. मी चपला घातल्या आणि स्टेशन रोडपर्यंत चालत गेलो. डेअरी दुपारची बंद होती. बंद शटरसमोरच्या पायरीवर मी अर्धा तास बसलो. परत आलो तेव्हा पडद्यावर निळी पट्टी शेवटाला पोचत होती आणि वहिनी मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलीसारखी बसली होती.

मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. मेनू आला नाही. सरळ तपकिरी रंगाचा नवा डेस्कटॉप आला. सुरुवातीला तिचा चेहरा फुलला. तिनं एकदोन खिडक्या उघडून पाहिल्या. मग म्हणाली, “विंडोज कुठून निवडायचं?”

“बंद करून चालू करा. येईल.”

तिनं तीन वेळा केलं. “भाऊजी, डिस्क रिकामी दाखवतोय.”

मी तिला उठवलं आणि स्वतः बसलो. काळजीनं शोधतोय असं दाखवत मी इकडं तिकडं पंधरा मिनिटं काढली. काय दिसणार ते मला माहीत होतं. मग मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणालो, “गेलं, वहिनी.”

“काय गेलं?”

“सगळं.”

ती रडली नाही. “माझा प्रोग्रॅम गेला तर जाऊ दे,” ती म्हणाली. “मी परत लिहीन. आप्पांचं तेवढं बघा ना.”

साडेचारला आई उठून आली. नेहमीसारखी खुर्चीत बसली, चष्मा नीट केला आणि म्हणाली, “लाव गं.”

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तेवढ्यात दादाची मोटरसायकल वाजली. तो आत आला आणि आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडं बघून दारातच थांबला.

“काय झालं?”

“आप्पांचे आवाज पुसले गेले,” वहिनी म्हणाली. “माझ्या हातून.”

दादानं डबा खाली ठेवला. तो ओरडणारा माणूस नव्हता. राग आला की त्याचा आवाज खाली जायचा.

“श्रेणिक, तू कुठं होतास?”

“दूध आणायला गेलो होतो.”

“दूध आणायला.” तो वहिनीकडं वळला. “त्यानं सांगितलं होतं का असं करायला?”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पापणी लवेपर्यंत.

“नाही,” ती म्हणाली. “ते नव्हते इथं. मीच चुकीचं बटण दाबलं.”

“अगं, पण शुक्रवारी तू याला उतरवून ठेवायचं विचारत होतीस ना?” आई म्हणाली. “मी होते की इथं.”

“ते दुसऱ्या कशाचं होतं, आई.”

आईनं मान डोलावली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, “म्हणजे आज लागणार नाही?”

वहिनीनं नुसती नकारार्थी मान हलवली.

“मग उद्या?”

दादा खाली बसला. त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट एकाशेजारी एक ठेवले आणि मान वर न करता वहिनीला म्हणाला, “बुधवारी कुठं जायचं नाही. घरातलं एक मशीन राखता आलं नाही, कॉलेजातली तीस काय राखणार तू? आणि उद्या आई साडेचारला इथं येऊन बसली की तूच तिला सांगायचं, लागत नाही म्हणून. परवाही तूच. ती विचारील तितके दिवस तूच.”

“बरं,” वहिनी म्हणाली.

दादाला आशा होती. सांगलीत एक माणूस पुसलेलं परत काढून देतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सोमवारी संध्याकाळी मशीन त्याच्याकडं न्यायचं ठरलं. सोमवारी सकाळी दादा कामावर गेल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळी डिस्क फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकलं. दादाला सांगितलं, मी काढायचा प्रयत्न केला, पण वर दुसरं लिहिलं गेलंय. सांगलीच्या माणसानंही तेच सांगितलं. आता काही हाती लागणार नाही, म्हणाला.

त्याच दिवशी साडेचारला आई खुर्चीत बसली. वहिनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“आई, लागत नाही.”

“बरं,” म्हणून आई तशीच बसून राहिली, पाच वाजेपर्यंत. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी आई आली नाही. त्यानंतर ती वहिनीशी बोललीही नाही. भांडली नाही, रागावली नाही, फक्त बोलणं थांबवलं. मीठ हवं असलं तर मला सांगायची, “तिला मीठ दे म्हणावं.” वहिनी समोर वाढत असायची.

बुधवारी सकाळी वहिनीनं माझ्या शर्टाला इस्त्री करून दिली. बरोबर स्वतःची वही दिली. “लिनक्सवर विचारतील,” ती म्हणाली. “मी मागच्या पानांवर आज्ञा लिहून ठेवल्यात. बसमध्ये एकदा नजर घाला.”

“बस कशाला? कॉलेज गावातच आहे.”

“हो की,” ती म्हणाली. ते दोन दिवस ती असं काहीतरी चुकीचं बोलायची.

मुलाखतीला तिघं जण टेबलापलीकडं बसले होते. मधल्या मॅडमनी माझं आडनाव वाचून विचारलं, “त्रिशला मगदूम तुमच्या कोण?”

“वहिनी.”

“त्या आल्या नाहीत. त्यांच्या अर्जात वेळापत्रकाच्या प्रोग्रॅमबद्दल होतं. आम्हाला तो बघायचा होता.”

“तो आम्ही दोघांनी मिळून केलाय,” मी म्हणालो. “बराचसा मीच.”

मग त्यांनी तो कसा चालतो ते विचारलं. वहिनीनं मला तो इतक्यांदा समजावला होता की मी न अडखळता सगळं सांगितलं. जागा मला मिळाली. पुढं मी एमटेक केलं, सांगलीला मोठ्या कॉलेजात गेलो, आज विभागप्रमुख आहे. घरात पेढे वाटले तेव्हा पहिला पेढा वहिनीनं मला भरवला.

हे सगळं चुकून झालं असं ज्यांना वाटत असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आई आणि वहिनी मंदिरात गेल्या होत्या. माझ्या कपाटात कोऱ्या सीडींचा अख्खा डबा होता. त्यातली एक काढून मी आप्पांची तेवीसच्या तेवीस रेकॉर्डिंग उतरवली. वहिनीचा प्रोग्रॅम उतरवला नाही. सीडी नीट चालते का तेही पाहिलं, सतरा नंबर लावून. मग ती माझ्या एका जाड पुस्तकाच्या पानांत ठेवली.

मला वडिलांचा आवाज घालवायचा नव्हता. मला फक्त ती एकदा चुकलेली हवी होती, सगळ्यांसमोर. माझा बेत असा होता की रविवारी हाहाकार होईल, दादा चिडेल, आई रडेल, आणि मग मी आत जाऊन सीडी घेऊन येईन. म्हणेन, मला शंका होतीच, म्हणून मी ठेवली होती. दादा म्हणेल, यापुढं श्रेणिकशिवाय कुणी हात लावायचा नाही. एवढंच.

रविवारी दादा बूट काढत होता तेव्हा मी सीडी आणायला वळलोही होतो. मग त्यानं बुधवारी जायचं नाही असं म्हटलं. मी थांबलो. आता दिली तर तो निवळेल आणि तिला जाऊ देईल, असं माझ्या मनात आलं. बुधवार होऊ दे, मग देऊ. बुधवारी मला नोकरी लागल्यात जमा झाली. गुरुवारी द्यायची ठरवली. पण गुरुवारी दिली असती तर पहिला प्रश्न आला असता की चार दिवस ही तुझ्याजवळ होती आणि तू आईला रोज त्या खुर्चीत बसलेलं बघत होतास? रविवारी मी देव ठरलो असतो. गुरुवारी काय ठरलो असतो, ते मला कळत होतं. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग द्यायचा प्रश्नच उरला नाही.

दोन हजार तेराला आई गेली. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती. तिचं सगळं वहिनीनं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. आई तिच्या हातून सगळं घ्यायची आणि तोंड भिंतीकडं करायची. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. आई म्हणाली, “त्यांचा आवाज कसा होता रे? मला आता आठवंना.”

“जाड होता, आई.”

“जाड होता,” ती म्हणाली. “नाव घेतलेलं आठवतंय. आवाज आठवंना.”

वहिनी पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. माझ्या सांगलीच्या घरी ती सीडी होती. मोटरसायकलवर गेलो असतो तर दीड तासात जाऊन आलो असतो. चार दिवसांनी आई गेली.

गेल्या महिन्यात सांगलीचं घर रंगवायला काढलं तेव्हा ती सीडी पुन्हा हातात आली. कडेनं ती पिवळी पडायला लागली होती. मी कॉलेजात नेऊन बघितली. बावीस रेकॉर्डिंग निघाली, सतरावंही निघालं. मी ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि शनिवारी दुपारी जयसिंगपूरला गेलो. दादा कामावर होता. वहिनी दहावीच्या मुलींच्या गणिताच्या वह्या तपासत होती. ती घरी शिकवण्या घेते. कॉम्प्युटरला तिनं त्या रविवारनंतर कधी हात लावला नाही. गॅसचा नंबर लावायचा असला तरी दादाला सांगते.

मी तिला सगळं सांगितलं. शनिवारची सकाळ, दुसरा पर्याय, बंद डेअरीची पायरी, सोमवारचं फॉरमॅट, मुलाखतीत जे बोललो ते. काही गाळलं नाही. पेन ड्राइव्ह वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

तिनं लाल पेनाला टोपण लावलं.

“आई आजारी होत्या, तेव्हा होती तुमच्याकडं?”

“हो.”

“त्यांनी आवाज कसा होता विचारलं, तेव्हा?”

“हो.”

बाहेर भाजीची गाडी येऊन गेली.

“मला इंग्रजी येत होतं, भाऊजी,” ती म्हणाली. “सगळं पुसलं जाईल, हे मी वाचलं होतं. तुम्ही पुढं जा म्हणालात, म्हणून गेले. त्या दिवशी यांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगू शकत होते. आईंनी तर माझ्या तोंडात उत्तर दिलं होतं.”

“मग का नाही सांगितलं?”

“तुमची नोकरी गेली होती. सहा महिने तुम्ही कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. हातून वडिलांचा आवाज पुसला गेला, हे कळलं असतं तर तुम्ही जिवाचं काही बरंवाईट केलं असतं, असं मला वाटलं. म्हटलं, मी परक्या घरची. माझ्यावर रागावतील, विसरतील. पोरगा वाचेल.”

मी पेन ड्राइव्ह तिच्याकडं सरकवला.

“आई भिंतीकडं तोंड करायच्या ना, तेव्हा मी मनात म्हणायचे, करू दे. मी त्यांचा मुलगा राखलाय. सोळा वर्षं मी त्यावर काढली. हे तरी मला ठेवायचं होतं तुम्ही. आज येऊन तेवढंही काढून घेतलंत.”

“वहिनी, माझ्यानं राहवलं नाही.”

“हो. तुमच्यानं राहवलं नाही.” ती उठली. पेन ड्राइव्हला तिनं हात लावला नाही. “हे साडेपाचला येतील. तोवर बसा. त्यांच्यासमोर लावा, आणि इतके दिवस कुठं होतं ते तुमच्या तोंडानं सांगा. मी काही सांगणार नाही. या वेळी मी काही झाकणारही नाही.”

ती स्वयंपाकघरात गेली. कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला. मी घड्याळाकडं बघत बसलो. पाच वाजले. सव्वापाच वाजले. दादाला काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्य मी मनात जुळवून पाहत होतो. हृदयाच्या बायपासनंतर तो जिने हळू चढतो, आणि अजूनही माझी ओळख करून देताना खांद्यावर हात ठेवतो.

पाच वाजून वीस मिनिटांनी मी उठलो. पेन ड्राइव्ह खिशात टाकला. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि ओसरीच्या पायरीवर येऊन घातल्या.

“जाताना फाटक लावून घ्या,” वहिनी आतून म्हणाली.